मैनूभाईंच्या बारीक खुणा

मैनूभाईंना मी चोर ठरवलं. तोंडावर म्हणालो नाही. तेवढी हिंमत असती तर पुढचं काहीच घडलं नसतं आणि आज हे लिहायची वेळही आली नसती. त्यांच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे, पण हे पहिल्यांदा सांगितलं नाही तर बाकीचं सगळं खोटं वाटेल. मला स्वतःलाच वाटेल.

मी एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुट्ट्यांमध्ये लग्नाचं शूटिंग करतो. शूटिंगपेक्षा एडिटिंगच जास्त. दुसऱ्यांनी काढलेलं माझ्याकडे येतं, मी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून त्याची तीन तासांची फिल्म करून देतो. पूर्वी हे काम माझ्या सहा वर्षांच्या जुन्या कॉम्प्युटरवर निभावत होतं. मग ड्रोन आले, फोर-केचे कॅमेरे आले, आणि मशीन धापा टाकायला लागलं. नवरी पाऊल उचलायची आणि ते खाली टेकायच्या आत माझा चहा पिऊन व्हायचा.

यूट्यूबवर पाच-सहा जणांचं ऐकून मी पार्टची यादी केली. कुठला प्रोसेसर, किती रॅम, आणि सगळ्यात वर एक भलंमोठं ग्राफिक कार्ड. ती यादी घेऊन विजापूर वेशीजवळच्या बोळात गेलो. तिथं मैनुद्दीनभाईंचं दुकान आहे, माल खरा देतात, असं आमच्या शूटिंगवाल्यांपैकी नागेशनं सांगितलं होतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. आत साठीच्या आसपासचे, किडकिडीत, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसलेले. कपाळावर घड्याळजी डोळ्याला लावतात ते काळं भिंग, दोरीनं बांधलेलं. मैनूभाई मूळचे घड्याळजी. मोबाइल आल्यावर लोकांनी घड्याळं बांधणं सोडलं, तेव्हा ते कॉम्प्युटरकडे वळले, पण भिंग सोडलं नाही. चहा पितानासुद्धा ते कपाळावर असायचं. बोलताना तुमच्याकडे तीन डोळ्यांनी बघतायत असं वाटायचं, आणि माझ्यासारख्या माणसाला ते बरं वाटत नाही.

त्यांनी यादी वाचली. कार्डाच्या नावावर बोट ठेवलं.

"सर, गेम खेळता?"

"छे! या वयात?"

"मग हे कशाला? हे गेम खेळणाऱ्या पोरांचं आहे."

"एडिटिंगला लागतं. सगळे म्हणतात."

"सगळ्यांनी तुमचं मशीन बघितलंय का?" त्यांनी कागदाची घडी करून मला परत दिली. "मी पण नाही बघितलं. रविवारी येतो घरी. काम करून दाखवा, मग बोलू."

मी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात चक्रं सुरू झाली होती. दुकानदार असून महागातली वस्तू विकायला नको म्हणतो, म्हणजे काय? त्याच्याकडे ती नसेल. किंवा दुसरीकडे कुठंतरी मारणार असेल. आणि घरी कशाला यायचंय? घर बघून भाव ठरवायचा असेल. मला आता लाज वाटते ती याची, की त्यांच्या चांगुलपणाची एकेक गोष्ट मी अशीच नोंदवत गेलो. ते जितके सरळ वागले, तितका मी सावध झालो. आमच्या वडिलांनी गावी, केमच्या बाजारात बैल घेताना दात बघायला शिकवलं होतं. समोरचा दात स्वतःहून दाखवायला लागला तर काय करायचं, हे शिकवलं नव्हतं.

रविवारी ते आले. चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवली. पाणी घेतलं, आणि माझ्याशी बोलायच्या आधी माझ्या बायकोला, वर्षाला, विचारलं, "भाभी, दुपारची बत्ती किती वेळा जाते हो इकडं?"

"रोज एकदा तरी. आणि आली की पंखा असा गर्रकन फिरतो."

"बघा," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तुमच्या यादीत नव्हतं. पॉवर सप्लाय चांगला पाहिजे. पहिलं ते लिवा."

मग ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले आणि दोन तास मला काम करताना बघत राहिले. एका लग्नाचं एडिटिंग चाललं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांनी एक छोटी खिडकी उघडून ठेवली होती. मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते तिथं दिसत होतं. मध्येच म्हणायचे, "थांबा. आता परत करा." मी परत करायचो. "हौ. तुमचा प्रोसेसर मरतोय बघा, रॅम भरली, आणि हार्ड डिस्क रडतेय. कार्ड बिचारं आरामात बसलंय. त्याला कशाला मोठा भाऊ आणायचा?"

त्यांचं म्हणणं असं, की नव्या प्रोसेसरच्या पोटातच चित्रं उलगडायची सोय असते, माझ्या कामाला ती पुरे. तेव्हा प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलायचा, रॅम दुप्पट करायची, काम चालू असलेलं शूटिंग वेगवान एसएसडीवर ठेवायचं आणि जुनी हार्ड डिस्क फक्त साठवणीला. कार्डाचे पैसे घरात राहू द्यायचे.

ते निघताना पडद्यावर नवरीचा बाप दिसत होता. तो मांडवाच्या खांबाआड जाऊन उपरण्यानं चेहरा पुसत होता. मी तेवढा भाग तिथंच कापून टाकला, कारण कॅमेरा हललेला होता. मैनूभाई म्हणाले, "हे कापलं?"

"हललाय शॉट."

"हलू दे की. तो पण हललाच आहे." आणि चपला घालता घालता म्हणाले, "वीस वर्षांनी ती पोरगी तेवढंच परत परत बघेल."

मी तो शॉट परत घातला. फिल्म बघून त्या नवरीचा फोन आला तेव्हा ती नीट बोलू शकली नाही. हे मी मैनूभाईंना कधी सांगितलं नाही. त्यांनी माझ्या कामात लक्ष घातलं याचाच मला राग होता.

दारातून त्यांनी वर्षाला आणखी एक सांगितलं होतं. "भाभी, मशीन मोकळ्या हवेत ठेवा. कपाटात नक्को. वर चादर टाकू नका. आपल्याकडचा मे महिना आहे."

त्यांच्या दुकानात पार्ट घ्यायला मी चार-पाच वेळा गेलो आणि तिथं बसून बरंच ऐकलं. ते कुठल्याही वस्तूला 'चांगली' म्हणत नसत. 'चालेल' किंवा 'फसेल', एवढे दोनच शब्द. फोनवर भाव सांगत नसत. "फोनवर मशीन दिसत नाही," म्हणून ठेवून द्यायचे. पॉवर सप्लाय हातात आला की डोळे मिटून त्याचा वास घ्यायचे, सुगरणीनं पातेल्यावरचं झाकण काढून घ्यावा तसा. आत कधी काही जळलं असेल तर नाकाला कळतं, म्हणायचे.

एकदा एक जवान शूटिंगवाला आला. त्याला मशीनमध्ये रंगीत दिवे हवे होते.

"चाचा, लाल-निळं झगमग झालं पाहिजे. बघणारा येडा झाला पाहिजे."

"दिव्यानं एडिटिंग फास्ट होत नाही, बेटा."

"गिऱ्हाईकाला वाटतंय की फास्ट हाय!"

मैनूभाईंनी थोडा विचार केला. "बरोबर बोलतोस." दिवे बसवले आणि कॅबिनेटच्या मागं एक वेगळं बटण लावून दिलं. "गिऱ्हाईक आलं की चालू. गेलं की बंद. उगाच गरम होतं." तो पोरगा हसत हसत गेला. मी हसलो नाही. मी मनात म्हटलं, बघा, दिखाव्याची कला या माणसाला पक्की येते.

माझे सगळे पार्ट आले. मैनूभाई म्हणाले, "एक दिवस मशीन माझ्याकडे राहू द्या. दिवसभर चालवून बघतो, मगच न्या."

तो एक दिवस माझ्या डोक्यात काट्यासारखा रुतला. माझं मशीन, माझे नवे पार्ट, आणि मी तिथं नाही. शाळेत पोरांना वस्तुचित्र काढायला सांगून मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि विजापूर वेशीतल्या त्या लांबट खोलीत काय चाललं असेल याचंच चित्र काढत होतो.

मशीन आलं ते मात्र झकास चाललं. नवरी आता चालायला लागली की खरोखर चालायची. ड्रोनचे शॉट लोण्यासारखे सरकायचे. मी नागेशला फोन करून सांगितलंसुद्धा. हिवाळा त्यात गेला, लग्नसराईचा पहिला भाग गेला.

मे महिन्यात वर्षाची बहीण मुलाबाळांसकट आमच्याकडे राहायला आली. हॉलमध्ये अंथरुणं घालायची म्हणून मी मशीन टेबलावरून काढून टीव्हीखालच्या लाकडी कपाटात सरकवलं. मुलं हात लावतील म्हणून दार लोटून घेतलं आणि धूळ बसू नये म्हणून वर आपली सोलापुरी चादर टाकली. बाहेर त्रेचाळीस डिग्री. तिसऱ्या दिवशी फिल्म तयार होत असताना मशीन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झालं. मग रोज होऊ लागलं. एका वकिलांच्या मुलीची फिल्म दोन वेळा अर्ध्यावर गेली.

तुम्हाला कारण कळलं असेल. वर्षालाही कळलं होतं. ती म्हणाली, "अहो, ते म्हणाले होते ना, कपाटात नको म्हणून?" मी तिच्यावर खेकसलो. मला कारण नको होतं, गुन्हेगार हवा होता, आणि तो मी सहा महिन्यांपूर्वीच ठरवून ठेवला होता.

मैनूभाईंना फोन करायच्या ऐवजी मी स्क्रूड्रायव्हर आणला. कॅबिनेट उघडलं, रॅमच्या पट्ट्या काढल्या, उन्हात धरल्या. रॅमवरच्या पत्र्याच्या कडेला ओरखडा होता. सुईनं काढल्यासारखा बारीक. दोन उभ्या रेघा, मध्ये टिंब आणि खाली चिमुकले आकडे. मी एसएसडी काढली. तिच्यावर तसाच. पॉवर सप्लायच्या पत्र्यावर तसाच. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या कडेलाही.

नव्या वस्तूवर ओरखडे कसे?

मी तापलो होतो. खोटं कशाला बोलू, त्यात संतापापेक्षा आनंद जास्त होता. आपला संशय खरा ठरल्यावर जो एक घाणेरडा आनंद होतो, तो. मी चारही पार्ट टेबलक्लॉथवर मांडून त्यांचे जवळून फोटो काढले आणि आमच्या शूटिंगवाल्यांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "मित्रांनो, सावध. नवीन म्हणून जुने, वापरलेले पार्ट बसवले जात आहेत. विजापूर वेशीजवळ व्यवहार करताना आपापले मशीन उघडून पाहा."

नाव लिहिलं नाही, कारण मी सभ्य माणूस आहे. त्या बोळात कॉम्प्युटरचं दुकान एकच होतं.

नागेशनं सगळ्यात आधी उत्तर दिलं. "सर, आत्ता उघडलं. माझ्यात पण सेम निशाणी हाय!" मग दुसऱ्यानं फोटो टाकला. मग तिसऱ्यानं. संध्याकाळपर्यंत रांग लागली. ज्यानं ज्यानं मैनूभाईंकडून मशीन घेतलं होतं, त्या प्रत्येकाच्या मशीनमध्ये ती खूण निघाली. एक पार्टसुद्धा सुटला नव्हता. कुणी लिहिलं, "टोळीच हाय ही." एकजण म्हणाला, "माझं चार वर्षं चालतंय की राव, काय तक्रार नाय." त्याला लगेच उत्तर आलं, "चालतंय म्हणून काय झालं? जुनं ते जुनंच." आणि एकानं लिहिलं, "त्या लोकांचं असंच असतं."

ते मी वाचलं. मी काही लिहिलं नाही. माझ्या वर्गात बसणारी निम्मी मुलं त्या लोकांची आहेत. त्यांच्या हाताला धरून मी त्यांना रेघ मारायला शिकवतो. तरीही मी काही लिहिलं नाही. सगळे आपल्या बाजूनं असताना मध्येच एकाला कशाला तोडायचं, असा हिशेब मी केला.

दुसऱ्या दिवशी चार-पाच जण दुकानावर गेले, आरडाओरडा झाला, असं नागेशनं सांगितलं. "सर, म्हातारा गप बसलेला. नुसता ऐकत होता. तुम्ही यायला पाहिजे होतं, मजा आली असती."

मी गेलो नाही. पाहुणे परत गेले, मशीन पुन्हा टेबलावर आलं, चादर कपाटात गेली, आणि त्या दिवसापासून मशीन एकदाही बंद पडलं नाही. हे मला दिसत होतं. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, इतकंच.

पावसाळा संपता संपता केमहून धाकटा भाऊ आला, त्यानं वडिलांचं चावीचं घड्याळ आणलं. बंद होतं. नव्या पेठेत एका जिन्याखाली पेंटप्पा मामा म्हणून जुने घड्याळजी बसतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी मागचं झाकण उघडलं, भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "तीनदा उघडलंय हे. दोनदा दुसऱ्या कुणी, एकदा मी."

"तुम्ही? तुम्हाला आठवतंय?"

"आठवायला कशाला पाहिजे? लिवलंय की." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या तीन खुणा होत्या. एकाचं बारीक फूल, एकाचं अक्षर, एकाची नुसती रेघ. प्रत्येकाखाली आकडे.

मी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "हे सगळे घड्याळजी करतात?"

"जो नाही करत, त्याच्याकडं देऊ नका. आत नवीन चाक घातलं तर त्याच्यावर पण करायचं. मग उद्या कोण बोलला की मामा, तू जुनं घातलास, तर उघडून दाखवता येतं. माझी खूण आहे, तर माल माझा. खूण नाही, तर मधे कोणीतरी बदललाय. गिऱ्हाईकाच्या भल्यासाठी असतं ते."

"आणि समजा, घड्याळजीनं कॉम्प्युटरचं काम सुरू केलं तर?"

मामांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "तर कॉम्प्युटरवर करेल की. हाताची सवय कुठं जाते?"

यानंतर मी सरळ विजापूर वेशीत गेलो असतो, तर मला स्वतःबद्दल थोडं तरी बरं बोलता आलं असतं. मी तीन आठवडे गेलो नाही. जुना मेसेज पुसायचा प्रयत्न केला, पण इतक्या दिवसांनी तो सगळ्यांच्या फोनमधून पुसला जाईना. मग मी ग्रुपच सोडला. नागेशनं विचारलं तर म्हटलं, फोन फार वाजतो. शेवटी वर्षाच म्हणाली, "तुम्ही जेवताना माझ्याकडे का बघत नाही हल्ली?" तिला सगळं सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं आणि एवढंच म्हणाली, "त्या माणसानं मला विचारून पॉवर सप्लाय निवडला होता."

दुकानात गेलो तेव्हा मैनूभाई एकटेच होते. फळीवर एकही मशीन दुरुस्तीला आलेलं नव्हतं. लग्नसराई तोंडावर असताना त्या दुकानात पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची.

"या सर. बसा."

मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, "मैनूभाई, तो ग्रुपवरचा फोटो..."

"तुमचा होता. माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"आकड्यांनी सांगितलं. खाली आकडे असतात ना, ते मशीनचे. कुठलं मशीन कुणाचं, मला पाठ असतं." ते शांत बोलत होते, पण आवाजात माया नव्हती. "त्या पोरांनी फोटो दाखवला, त्याच दिवशी कळलं. मला वाटलं, सर आहेत, येतील विचारायला. चार दिवस वाट बघितली."

"तुम्ही बाकीच्यांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं की, ओरडा थांबल्यावर! ते बोलले, पकडला गेला तर आता गोष्टी रचतो." त्यांनी कपाळावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. त्या दोरीचा दाब कपाळावर उमटलेला होता. "सर, मशीनला बोलता येत नाही म्हणून मी एकेक पार्ट काढून बघतो, कुणाचा दोष आहे ते. मला तर बोलता येतंय. मला न विचारताच का उघडून बघितलं?"

मी हात जोडले. ते बघून त्यांनी मान फिरवली. त्यांना ते आवडलं नाही हे कळत होतं, म्हणून मी हात खाली घेतले.

"मी ग्रुपवर लिहितो. खुलासा करतो."

"लिवा. 'राहू द्या' असं बोलणार नाही मी. पण हितं बसून लिवा."

नागेशला फोन करून मी ग्रुपमध्ये परत शिरलो आणि तिथंच स्टुलावर बसून लिहिलं. त्यांना दाखवलं. त्यांनी भिंग न लावताच वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"'गैरसमज झाला' असं कसं? तो पावसासारखा आपोआप झाला का? 'मी न विचारता लिहिलं' असं लिवा."

मी तसं लिहिलं. खुणेचा अर्थ लिहिला, कपाटातली चादर लिहिली, माझं नाव लिहिलं, आणि पाठवून दिलं.

आधी दोन अंगठे आले. मग एकानं लिहिलं, "सर, एवढ्या महिन्यांनी आठवलं?" आणि नागेशनं लिहिलं, "काय सर, मोठं ग्राफिक कार्ड मिळालं वाटतं फुकट!" त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

फोन मैनूभाईंच्या हातात होता. त्यांनी सगळं वाचलं आणि पहिल्यांदाच थोडं हसले. "घ्या. आता तुम्ही पण माझ्याच लाइनीत." फोन मला परत दिला. चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.

नंतर मी माझ्या परीनं एकेकाला भेटून सांगत राहिलो. काहींना पटलं. पण पटणं वेगळं आणि पुन्हा त्या बोळात जाणं वेगळं. लोकांना तोवर दुसरी दुकानं सापडली होती. पुढच्या उन्हाळ्यात मी तिकडून गेलो तेव्हा त्या खोलीत बांगड्यांचं दुकान होतं. शेजारचा शिंपी म्हणाला, "मैनूचाचा सांगोल्याला गेले, पोरीकडं. आता हितं काय काम राहिलं होतं?" त्यानं मला ओळखलं नव्हतं.

त्यानंतर एकदाच मी त्यांना पाहिलं. सांगोल्यात एका लग्नाच्या शूटिंगला गेलो होतो. वऱ्हाड यायला वेळ होता, म्हणून बाजाराच्या रस्त्यावर उसाचा रस प्यायला थांबलो. समोर मोबाइल आणि कॅमेऱ्यांचं दुकान होतं आणि बाहेरच्या पत्र्याखाली एका टेबलाशी मैनूभाई बसले होते. दाढी आणखी पांढरी झाली होती. त्यांच्यापुढं एक शेतकरी उभा होता. डाळिंबाच्या बागेत लावलेल्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर त्यानं पिशवीतून आणला होता.

"चाचा, ह्यात कायच दिसंना झालंय. बघा की."

"उघडा," मैनूभाई म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्याकडे सरकवला.

"मी? मला काय येतंय त्यातलं? तुमीच उघडा की."

"चार स्क्रू आहेत. तुम्ही काढा, मी सांगतो."

"आवं, तुमच्यावर इस्वास हाय माझा!"

"असू द्या. तरी तुमच्या हातानं काढा."

तो बिचारा हसत, वाकून, कुदळ धरणाऱ्या हातांनी ते चार स्क्रू काढत बसला. एक खाली पडला, तो शोधला. झाकण निघालं. मैनूभाई लांबूनच आत बघत होते. एवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, शेतकऱ्याचा टेम्पो आडवा लागला होता. "आलो चाचा, तुमी चालू द्या तवर," म्हणून शेतकरी धावत गेला.

माझ्या हातात रसाचा ग्लास होता. मध्ये फक्त रस्ता होता. पलीकडे जाऊन मी काय बोललो असतो हे मला माहीत नाही, पण जाता आलं असतं. टेम्पो लांब न्यावा लागला असावा, कारण शेतकरी लवकर आला नाही. मंडपातून मला दोनदा फोन आला. उघडा रेकॉर्डर टेबलावर पडला होता, स्क्रूड्रायव्हर त्याच्या शेजारी होता. मैनूभाईंनी त्याला बोट लावलं नाही. त्याचा मालक परत यायची वाट बघत, दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून, ते तसेच बसून होते.